८ मार्चला कौलं फोडायला मला बोलावू नका

तालुक्यातल्या सगळ्या शाळांचे मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीचे मेंबर आणि पीटीचे सर-मॅडम, तुम्हा सगळ्यांना नमस्कार.

मी ज्युदो शिकवते, बावीस वर्षं झाली आता. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी मला कधी ना कधी फोन केलेला आहे आणि तो फोन हमखास फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात येतो. "मॅडम, ८ तारखेला महिला दिन आहे, मुलींसाठी ते स्वसंरक्षणाचं काहीतरी ठेवायचंय, दोन तास द्या, आणि जमलं तर ते कौलं फोडायचं पण दाखवा, पोरींना आवडतं." यंदा असे पाच फोन आले आणि पाचही जणांना मी नाही म्हणाले. त्यावर एका सरांनी बाहेर सांगितलं म्हणे की मॅडमचे भाव वाढलेत. भाव वाढलेले नाहीत सर, म्हणूनच हे सगळ्यांसमोर लिहितेय.

आधी कौलांचं सांगून टाकते, म्हणजे तो विषय संपेल. जुनं मंगलोरी कौल घ्यायचं, चार दिवस कडक उन्हात वाळवायचं, दोन्ही कडांना विटा लावून मध्ये पोकळी ठेवायची आणि एकावर एक पाच रचायची असतील तर मध्ये पेन्सिलीएवढी फट सोडायची, म्हणजे वरचं फुटून खालच्यावर पडतं आणि निम्मं काम तेच करतं. आठवडाभर सराव केला तर तुमच्या शाळेचा शिपाईसुद्धा फोडेल. आवाज छान येतो, टाळ्या पडतात, फोटो तर एक नंबर येतो. पण कौल जागचं हलत नाही, उलटून मारत नाही, आणि ते आपल्या ओळखीचंही नसतं.

हे ओळखीचं म्हणाले त्याकडे मी परत येणार आहे, पत्राचा मुद्दाच तो आहे. पण आधी मागच्या वर्षीचा एक कार्यक्रम सांगते. शाळेचं नाव घेत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. मला अकराला बोलावलेलं. पटांगणात मांडव, सातवी ते दहावीच्या साधारण चारशे पोरी खाली सतरंजीवर, पाहुणे यायचे बाकी. पाहुणे आले साडेबाराला. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, सत्कार, आणि मग भाषणं. जिजाऊ झाल्या, सावित्रीबाई झाल्या, झाशीची राणी झाली आणि एका वक्त्यांनी मुलींनी कपडे कसे घालावेत यावर पंधरा मिनिटं घेतली. माझ्या वाट्याला उरली वीस मिनिटं. चारशे पोरींना वीस मिनिटांत काय शिकवणार? मी आपली दोन पोरींना स्टेजवर घेतलं, मनगट सोडवायचं दाखवलं, कौलं फोडली, नारळ घेतला आणि खाली उतरले. निघताना एका कागदावर सही मागितली. बघते तर तीन महिन्यांच्या ट्रेनिंगचं हजेरीपत्रक! मी सही केली नाही. तिथून परत फोन आला नाही ते वेगळं.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, समग्र शिक्षा या शाळांसाठीच्या सरकारी कार्यक्रमाखाली राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण नावाची योजना आहे, सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलींसाठी. तीन महिन्यांचं ट्रेनिंग आणि त्यासाठी शाळेला महिन्याला ५००० रुपये. पैसा फार नाही हे मला पण कळतं, पेट्रोल आणि मॅटचा टेम्पो यातच बराचसा जातो. पण तीन महिने म्हणजे तीन महिने हो. सरकारनेसुद्धा दोन तास म्हटलेलं नाही.

आता तीन महिन्यात मी काय करते ते ऐका. पहिल्या दिवशी मी हातपाय चालवायला शिकवतच नाही. गोल उभं करते आणि सांगते, पोटातून ओरडा, "नाही!" बस एवढंच. काय होतं माहितीये? हसतात. तोंडावर ओढणी घेऊन, एकमेकींच्या खांद्याआड लपून हसत सुटतात. चौदा वर्षांच्या पोरीला मोठ्याने ओरडायला सांगितलं तर तिच्या घशातून उंदरासारखा आवाज येतो, कारण जन्मापासून तिला सांगितलेलं असतं की हळू बोल, मुलीच्या जातीला मोठा आवाज शोभत नाही. मी स्वतः एकदा ओरडून दाखवते, मग शेजारच्या वर्गातले सर काय झालं म्हणून धावत येतात आणि पोरी आणखी हसतात. एक तास त्यातच जातो. दुसऱ्या तासाला तीन-चार जणींचा आवाज फुटतो आणि चौथ्या तासाला मैदानावरचे कावळे उडतात. मग पुढचं शिकवते, नुसतं "वाचवा वाचवा" ओरडायचं नाही, माणूस धरून ओरडायचं. "ओ निळ्या शर्टवाले काका, हा माणूस माझ्या ओळखीचा नाही, इकडे या!" गर्दीला हाक मारली की प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणीतरी जाईल. निळ्या शर्टवाल्याला मात्र मग मोबाईल बघत उभं राहता येत नाही.

मग मनगट. पोरींना वाटतं हात ओढून घ्यायचा. समोरच्याची ताकद जास्त असेल तर ओढाओढीत आपण हरणारच, सरळ हिशोब आहे. पण कोणीही मनगट धरलं की चार बोटं एका बाजूला आणि अंगठा दुसऱ्या बाजूला, आणि ती मूठ जिथे बंद होते तिथे, अंगठ्यापाशी, ती कच्ची असते. म्हणून मागे नाही जायचं, उलट एक पाऊल पुढे जायचं, कोपर त्याच्याकडे वाकवायचं आणि आपलं मनगट त्याच्या अंगठ्याच्या फटीतून फिरवून काढायचं. आठवीतली पस्तीस किलोची पोर जेव्हा पीटीच्या सरांच्या हातातून असं मनगट काढते ना, तेव्हा तिचा चेहरा बघायला या कधीतरी. सरांचा पण बघा. 😀

वेणीचं पण तसंच. तुमच्या शाळेत दोन वेण्या घालायचा नियम आहे आणि वेणी म्हणजे मागून धरायला तयार दोरी. वेणी धरली तर पोर डोकं पुढे ओढते, त्याने कळ मस्तकात जाते आणि मानेला हिसका बसतो. त्याचाच हात आपल्या दोन्ही हातांनी आपल्या डोक्यावर घट्ट दाबून धरायचा म्हणजे केस ओढले जात नाहीत, मग त्याच्याकडे वळायचं आणि नडगीवर लाथ. मूठ वळून ठोसा मारायला मी शिकवत नाही, सवय नसलेल्या हाताची बोटंच मोडायची. तळहाताचा मनगटाजवळचा जाड भाग असतो त्याने खालून वर नाकावर. मागून कवळ घातली तर कंबरेतून खाली बसायचं, पाय फाकवायचे, टाचेने त्याच्या पावलावर जोरात. आणि पडायचं कसं हेही शिकवते, हनुवटी छातीला, हात जमिनीवर आपटून, कारण ज्युदोत आधी पडायलाच शिकवतात आणि ढकलाढकलीत पहिली इजा डोक्याला होते. हे सगळं ऐकायला दोन मिनिटं लागली, पण अंगात बसायला प्रत्येक गोष्ट शंभर-दीडशे वेळा करावी लागते, वेगवेगळ्या जोडीदाराबरोबर, कधी धावून दमल्यावर, कधी डोळे मिटून. म्हणून वीस मिनिटांच्या कार्यक्रमाची मला भीती वाटते. त्यातून पोरीला काही येत नाही, येतंय असं मात्र वाटतं, आणि तसं वाटणं जास्त वाईट.

एक माझं सांगते, इतकी वर्षं फार कोणाला सांगितलेलं नाही. मी वीस वर्षांची होते, ब्राऊन बेल्ट, राज्य स्पर्धा खेळून आलेली, बॅगेत मेडल. स्वारगेटवरून साताऱ्याच्या एसटीत बसले, खिडकीची सीट. शेजारी बाबांच्या वयाचा माणूस, पांढरे कपडे, टोपी. खेड शिवापूर गेल्यावर त्याचा हात माझ्या मांडीवर आला. आणि मी काय केलं? काहीच नाही! पुतळा झाले. साठ किलोच्या पोरी मॅटवर आपटणारी मी, खिडकीबाहेर बघत राहिले, घशातून आवाज निघेना, आणि डोक्यात एकच, की झोपेत लागला असेल चुकून. शिरवळ येईपर्यंत तसंच. शिरवळला तो उतरला, उतरताना "येतो ताई" म्हणाला. त्या "येतो ताई"चा मला आजही संताप येतो. घरी आल्यावर आईने मेडल देवापुढे ठेवलं आणि मी मोरीत जाऊन रडले. मला वाटायचं माझं ज्युदो खोटं. खूप वर्षांनी कळलं की अंग असं थिजणं ही शरीराचीच एक तऱ्हा आहे, हरिण गाडीच्या उजेडात थिजतं तशी, त्यात आपला दोष नसतो. आणि हेही कळलं की मला कोणी पंचाशिवायच्या कुस्तीचा सरावच दिला नव्हता. मॅटवर समोरचा आधी वाकून नमस्कार करतो, पंच हाजिमे म्हणतो, मग सुरू. एसटीत पंच नसतो. म्हणून आता माझ्या वर्गात दोन खुर्च्या शेजारी मांडते, एसटीची सीट समजून, आणि पोरींना सराव देते की हात आला की पहिल्या पाच सेकंदात उठून उभं राहायचं आणि कंडक्टरला मोठ्यांदा सांगायचं. मारायचं नाही, फक्त उठायचं आणि बोलायचं. तुम्हाला हसू येईल, पण मनगट सोडवण्यापेक्षा हे अवघड जातं पोरींना.

आणि थिजलीस तरी तुझी चूक नाही, हे पण त्याच तासाला सांगते. हे नाही सांगितलं तर ट्रेनिंग घेतलेली पोर उद्या स्वतःलाच कोसत बसेल, "मला तर येत होतं, मग मी का नाही केलं?" आणि आपले लोकही तिला हेच विचारतील.

आता ओळखीचं. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे दरवर्षी येतात, आणि दरवर्षी तेच दिसतं, बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त ठिकाणी आरोपी त्या मुलीच्या, बाईच्या ओळखीचा असतो. घरातला, शेजारचा, मित्र, नात्यातला. आणि आपण शिकवतो काय, तर अंधाऱ्या गल्लीत अनोळखी गुंड आला तर त्याच्या नाकावर कसं मारायचं. अहो, पोर मामाच्या नाकावर मारणार आहे का? ज्याच्या पाया पडायला लावता, ज्याने दिवाळीला ड्रेस आणला, त्याचा हात जिथे जायला नको तिथे गेला तर तिला आधी स्वतःलाच पटवावं लागतं की हे चूक आहे. त्यात तिचा अर्धा वेळ जातो.

हे मी मनाचं सांगत नाही. कॅनडात तीन विद्यापीठांत जवळपास ९०० विद्यार्थिनींवर याचा रीतसर अभ्यास झाला, २०१५ ला छापून आला. निम्म्या मुलींना बारा तासांचं ट्रेनिंग दिलं, उरलेल्यांना नुसती माहितीपत्रकं. वर्षभरात पत्रकवाल्या गटात जवळजवळ दहा टक्के मुलींवर बलात्कार झाला होता, ट्रेनिंगवाल्या गटात साधारण पाच टक्के. म्हणजे बारा तासांत प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. त्या बारा तासांत लाथा-बुक्क्यांचा भाग थोडाच होता. बराच वेळ यावर गेला होता की ओळखीच्या माणसाच्या वागण्यातला धोका ओळखायचा कसा आणि त्याला वाईट वाटेल या भीतीवर मात करून नाही म्हणायचं कसं. ते कॉलेजच्या मुलींचं होतं आणि आपल्या पोरी लहान आहेत, हे मान्य. पण दिशा तीच आहे. आणि आपल्याकडे मुलीच्या हातात काय देतात? नेमकं पत्रक.

इथेच तुमचा भाग येतो. मी पोरीला सांगितलं, कोणी त्रास दिला तर विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांग. ती धीर करून तुमच्याकडे आली. पुढे? एका शाळेत सहाव्या तासाला एक पोर वर्ग संपल्यावर मॅट गुंडाळायला थांबली. रोज थांबायची. दोरी बांधता बांधता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, घरातलं माणूस असलं तर पण ओरडायचं का?" मी म्हटलं हो, तर पण. मग तिने सांगितलं. मी ऑफिसात गेले तर मला काय ऐकवलं गेलं? बाई, तुम्ही खेळ शिकवायला आलाय ना, तेवढंच करा, शाळेचं नाव जाईल, मुलीच्या लग्नाचं बघा. सातवीतल्या पोरीच्या लग्नाचं! मी तिथूनच १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाईनला, फोन लावला. पुढचं इथे लिहीत नाही, पोरीची ओळख निघेल.

पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, २०१२ चा आहे. त्यात कलम १९ सांगतं की अठराच्या आतल्या मुलावर असा प्रकार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवायलाच लागतं, मर्जी नाही. कलम २१ सांगतं, नाही कळवलं तर शिक्षा, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाबद्दलची गोष्ट दाबली तर एक वर्षापर्यंत कैद. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला काय झालं ते तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंत, अख्खं स्टेशन बंद पडलं होतं. शाळेतच अत्याचार झालेल्या त्या मुली बालवाडीच्या वयाच्या होत्या. त्या वयाच्या पोरीला मी कुठली लाथ शिकवू? तिथे मोठ्यांनीच काम करायचं असतं. मुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती प्रत्येक शाळेत हवी असा जीआर २०२२ चा आहे. तुमच्या शाळेतल्या समितीत कोण कोण आहे हे तुमच्या शाळेतल्या मुलींना विचारून बघा एकदा. मी विचारते नेहमी. समितीचा बोर्ड कुठे लावलाय तेवढं सांगतात.

पोरी आणखी एक प्रश्न हमखास विचारतात, "बाई, आम्ही मारलं तर आमच्यावरच केस होईल का?" आईबापही हेच विचारतात, मुलीचं नाव पोलीस ठाण्यात नको. तर कायदा स्वतःला वाचवायचा हक्क देतो. आधी आयपीसीत कलम ९६ ते १०६ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४. गरजेपुरता मार चालतो, तो पळाल्यावर पाठलाग करून दगड घातला तर चालत नाही, आणि जिवावर, बलात्कारावर, ॲसिडवर आलं तर हा हक्क फार लांबपर्यंत जातो. मी हे वर्गात फळ्यावर लिहून देते. शक्य असेल तर पळा, हे मात्र त्याच्याही वर लिहिते. चाकू दिसला तर मोबाईल, चेन, पर्स जे मागेल ते लांब फेकायचं आणि उलट्या दिशेला धावायचं. चाकू हिसकावायचं रीलमध्ये दाखवतात तसलं मी बावीस वर्षांत शिकले नाही आणि शिकवणारही नाही.

आणि मुलांचं काय? दर वेळी मुलींना पटांगणात बोलावता आणि मुलांना घरी सोडता. पोरं कंपाउंडवर बसून शिट्ट्या मारत बघतात. त्यांना पण आत पाठवा. एक तर त्यांच्यावरही अत्याचार होतात आणि ते तर कोणालाच सांगत नाहीत, पॉक्सो मुलग्यांनाही लागू आहे हे कित्येक सरांनाच माहीत नसतं. दुसरं म्हणजे मी एकत्र वर्ग घेते तेव्हा नियम असतो, जोडीदाराने मॅटवर दोनदा थाप मारली की त्या क्षणी सोडायचं, का-कसं विचारायचं नाही. थाप म्हणजे थांब. नववीतल्या पोरांना हा नियम महिनाभर रोज पाळायला लावून बघा.

तर माझं म्हणणं असं आहे. मार्च सोडा, मी जूनपासून यायला तयार आहे. आठवड्यातून दोनदा, पीटीच्या तासाला, बारा आठवडे, एका वेळी तीस-पस्तीस मुलं, जास्त नको. सुरुवातीला एक पालकसभा, त्यात आया हव्यात आणि बापही. दर वेळी तुमच्यातल्या एका बाईंनी स्वतः पंजाबी ड्रेस घालून मॅटवर यायचं, खुर्ची टाकून बसायचं नाही, कारण मी गेल्यावर पोरी त्यांच्याकडेच जाणार आहेत. चाचणी परीक्षा आली, गॅदरिंग आलं, साहेबांची व्हिजिट आली म्हणून आमचाच तास कापायचा नाही. आणि कोणी काही सांगितलं तर काय करायचं, कोणाला फोन करायचा, हे पहिल्या तासाच्या आधी माझ्यासमोर बसून ठरवायचं. पैशाचं नंतर बोलू, त्यावरून आजवर माझं कोणाशी वाजलेलं नाही.

मॅट माझ्याकडे चोवीस आहेत, टेम्पोने मीच आणेन. दोन फाटलेत, त्यांना चिकटपट्टी लावलीय. तुमच्याकडून एक हॉल लागेल, नसला तर वर्गातली बाकं सरकवून चालेल, आणि त्या हॉलची किल्ली. ही किल्ली नेमकी ज्यांच्याकडे असते ते त्या दिवशी नेमके रजेवर असतात, असा माझा अनुभव आहे, तेव्हा एक जादा किल्ली आधीच करून ठेवा. मंगळवार आणि गुरुवार मोकळे आहेत. दोन शाळांनी हो म्हटलंय, अजून तीन घेऊ शकते.

तुमच्या तालुक्यातली ज्युदोवाली बाई
(नंबर तुमच्या सगळ्यांकडे आहेच, फेब्रुवारीत सापडतो तसा मे महिन्यातही सापडेल)